दिवाळीचा बाजार: सांगलीत सगळ्यांना घेऊन जायचं तर

ताई, तुम्ही विश्रामबागेत नुकत्याच राहायला आलात. सात आणि बारा वर्षांची दोन मुलं, गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आणि मिस्टरांना दिवाळीआधीचा एकच रविवार मोकळा. त्या रविवारी सगळ्यांचे कपडे, सासूबाईंची साडी, किराणा, पणत्या-कंदील आणि जमलं तर थोडं सोनं उरकेल का, असं विचारलंय. उरकेल. फक्त रात्री घरात कोणी कोणाशी बोलणार नाही.

मी गावभागात वाढलो, त्यामुळे स्पष्टच सांगतो. खरेदी वेगळी आणि दिवाळीचा बाजार बघायला जाणं वेगळं. रविवार मुलांसाठी ठेवा. ज्यात निर्णय घ्यावे लागतात ते सगळं त्याआधी, मधल्या वारी उरका, मिस्टर नसले तरी चालेल. (नसले तर लवकर होतं, हे आमच्या घरचं निरीक्षण.)

साडीपासून सुरुवात करा, कारण खरा प्रश्न ब्लाऊजचा असतो. दिवाळी जवळ आली की शिंपी नवीन कापड हातात घेत नाहीत, आणि फॉल-पिकोवाल्याकडेही ढीग लागतो. तेव्हा निदान तीन आठवडे आधी, सकाळी अकराच्या सुमारास सासूबाईंना घेऊन कापड पेठेत किंवा हरभट रोडला जा. त्या वेळी दुकानदाराला दहा साड्या उलगडायला सवड असते, संध्याकाळी तीच माणसं तिसऱ्या साडीला घड्याळाकडे बघतात. एक गोष्ट आधी विचारून घ्या, साड्या कितव्या मजल्यावर आहेत? ही सगळी पेठ कृष्णेच्या काठची. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही पुरांत बाजारात पाणी आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. भारी माल वर ठेवायची सवय पुष्कळांना आहे, आणि जिने अरुंद. पण सासूबाईंना खाली खुर्ची द्या आणि साड्या खाली आणून दाखवा म्हटलं तर आणतात की. मागायला लाजू नका.

मुलांचे कपडे त्यांना घेऊनच घ्या, पण शनिवारी शाळा सुटल्यावर, फक्त तेवढ्याच कामासाठी. बारा वर्षांच्या पोराला मापाचा शर्ट अंदाजाने आणला की बदलायला परत जावं लागतं आणि सणाच्या गर्दीत बदलून घेणं म्हणजे दुसरी खरेदीच. पावती जपून ठेवा, बदलायची मुदत त्यावर लिहून घ्या.

किराणा गणपती पेठेतून. पोहे, डाळं, खोबरं, सुकामेवा सगळं एका जागी मिळतं आणि भावही बरा पडतो. तुम्ही बाहेरच्या, म्हणून सांगतो, बेदाणे आणि हळद दुसरीकडून आणू नका, आता तुम्ही त्यांच्याच गावात आहात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. बेदाणा घेताना मूठभर दाबून बघा. एकमेकाला चिकटून गोळा होत असेल तर ओल आहे, घेऊ नका. भडंगाचे चुरमुरे मात्र करायच्या आदल्या दिवशीच आणा, आधी आणलेले मऊ पडतात.

सोन्याबद्दल थोडक्यात. सराफ कट्टा जुना आहे. पु. ना. गाडगीळांची पेढी १८३२ मध्ये इथंच सुरू झाली. पण धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मुलं घेऊन तिथं उभं राहण्यात काही अर्थ नाही. आधी एखाद्या दुपारी जाऊन दागिना ठरवा आणि दोन दुकानांत मजुरी किती लावतात ते विचारा. दर सगळीकडे जवळजवळ सारखा असतो, फरक मजुरीत पडतो. हॉलमार्कसोबतचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक, १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे. तो बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकून दुकानातच तपासा.

आता रविवार. गाडी घरी ठेवा, रिक्षाने किंवा वडापने, म्हणजे शेअर गाडीने, या. चारला निघा. आधी गणपती मंदिर. पटवर्धन संस्थानिकांनी बांधलेलं, आवार मोठं आहे, सासूबाईंना निवांत बसता येतं. त्यांना पुढे गर्दीत चालवत नसेल तर एकाने त्यांच्यासोबत थांबा, तासाभराने अदलाबदल करा. मग मारुती रोड. रस्त्याच्या दोन्ही कडांना पणत्या, रांगोळीचे रंग, लक्ष्मीच्या मूर्ती, केरसुण्या, उटणं, लाह्या-बत्तासे आणि किल्ल्यासाठी मावळे मांडलेले असतात. मुलांच्या हातात ठरावीक पैसे द्या आणि मावळे, रंग त्यांनाच घेऊ द्या. थोरला घासाघीस शिकेल. धाकट्याला एकच महागडा शिवाजी महाराज हवा असेल तर घेऊ द्या, सैन्य पुढच्या वर्षी.

तुम्ही मात्र रस्त्यावरच्या बायकांशी पणत्यांवरून फार ताणू नका. त्यापेक्षा एकेक पणती टिचकी मारून बघा, बद्द वाजली तर तडा आहे. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात ठेवा, तेल कमी पितात. दिव्यांची माळ पैसे देण्याआधी लावून बघा. कंदील सगळ्यात शेवटी, नाहीतर गर्दीत त्याचा चोळामोळा होतो. झेंडू त्या दिवशी घेऊच नका, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ताजा मिळतो.

मधे भेळ खा. मुलं हॉटेलात बसूया म्हणतील, पण सणाच्या रविवारी टेबल मिळेपर्यंत भूक मरते. धाकट्याच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर कुठल्या चौकात थांबायचं हे थोरल्याला आधीच दाखवून ठेवा. गर्दीत मोबाइल ऐकू येत नाही.

परतताना मारुती चौकात रिक्षा मिळेल असं धरू नका. रिकामी रिक्षा आत येतच नाही. सासूबाईंना सगळ्यांच्या थोडं आधी, साडेसातला, एका माणसासोबत पुढे काढा, बाकीचे राजवाडा चौकापर्यंत चालत या. तिथं मिळते.