कार्ट नको, किंमत लिहा

प्रश्न: मी पेडणे तालुक्यात राहते. आमच्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीची तांबडी-पांढरी नक्षी असते, तीच मी लाकडी चौकटीत चुन्याचा गिलावा घालून कोरते. घराच्या नावाच्या पाट्या, भिंतीवर लावायच्या चौकटी असं काम. महिन्याला सात-आठ नग होतात आणि एकासारखा दुसरा नसतो. आजवर विक्री झाली ती ओळखीतून आणि लोकोत्सवातल्या स्टॉलवरून. आता भाचा वेबसाइटसाठी मागे लागलाय. एका एजन्सीने ४५,००० रुपयांचं कोटेशन दिलंय: बारा पानं, फिरते बॅनर, ऑनलाइन कार्ट, पेमेंट गेटवे, शिवाय दरवर्षी मेंटेनन्सचे १२,०००. एवढं सगळं लागतं का? आणि वेबसाइट मराठीत करू की इंग्रजीत?
— एक वाचक, पेडणे

उत्तर: ताई, नाही लागत. म्हापशात बसून मी वेबसाइट बनवण्याचंच काम करते, त्यामुळे ती बारा पानं न बघताही सांगू शकते. त्यात ‘आमचं ध्येय’ असेल, ‘आमची टीम’ असेल आणि सगळ्यात वर नारळाच्या झाडांमागे मावळणारा सूर्य. तुम्हाला एकच लांब पान पुरे, बोटाने खाली सरकवत वाचायचं. तुमचं बहुतेक गिऱ्हाईक ते फोनवरच बघणार आहे.

कार्ट, म्हणजे वस्तू निवडून तिथेच पैसे भरायची सोय, शोभतं ते एकसारख्या मालाला. काजूची पाकिटं असती तर मीच म्हटलं असतं, घाला. पण नावाची पाटी घेणाऱ्याला नाव कोणत्या लिपीत हवं, फाटकाला लावायची की दाराला, पाऊस लागेल का, हे बोलल्याशिवाय तुम्ही चुना भिजवणारच नाही. बोलणं होणारच आहे, तर ते सोपं करा. पानावर व्हॉट्सअॅपचं बटण ठेवा. wa.me नावाची लिंक असते. wa.me/ लिहायचं, त्यापुढे ९१ आणि तुमचा नंबर, की दाबणाऱ्याचं तुमच्याशी चॅट उघडतं. ‘मला पाटीबद्दल विचारायचं आहे’ हे वाक्यही त्यात आधीच भरून ठेवता येतं. नंबर मात्र वेगळा घ्या आणि त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस टाका. ते फुकट आहे, आणि नातेवाइकांच्या सुप्रभातात ऑर्डर हरवत नाही. निम्मे पैसे आगाऊ यूपीआयने घ्यायचे. गेटवेवाले, म्हणजे वेबसाइटवर पैसे भरायची सोय देणारे, व्यवहारामागे साधारण दोन टक्के कापतात, ते आत्ताच कशाला द्यायचे?

किंमत मात्र लिहायचीच. ‘किमतीसाठी संपर्क साधा’ हे वाचून गिऱ्हाईक संपर्क साधत नाही, पान बंद करून टाकतं. महाग असेल असं धरून चालतं, नाहीतर विचारायला संकोचतं. प्रत्येक नग वेगळा असला तरी मापावरून सुरुवातीची किंमत सांगता येते. त्याखाली वजन, तयार व्हायला लागणारा वेळ, आणि पावसाळ्यात चुना उशिरा वाळतो म्हणून तेव्हा जास्त दिवस लागतात, हेही लिहा. कुरियरमध्ये तडा गेला तर काय करणार तेही. या ओळी कंटाळवाण्या वाटतात खऱ्या, पण बेंगळुरूहून पैसे पाठवणारा माणूस त्याच दोनदा वाचतो.

आता फोटो. पैसे खर्चायचेच असतील तर इथे खर्चा, नाहीतर निदान एक अख्खी सकाळ द्या. कावीत रेघ कोरलेली असते, तिला खोली असते. समोरून फ्लॅश मारला की ती खोली मरते आणि सगळं छापील स्टिकरसारखं दिसतं. नग पडवीत उभा करा, उजेड एका बाजूने येऊ द्या, म्हणजे रेघेच्या काठाला बारीक सावली धरते. ढगाळ दिवस त्याला उत्तम, आणि ढगांची आपल्याकडे वानवा नाही. एका फोटोत तुमचा हात नगाला टेकलेला असू द्या. इंच वाचून माप डोळ्यासमोर येत नाही, हात बघून येतं.

कामाचेही चार फोटो ओळीने लावा: पांढरा गिलावा, त्यावर चढवलेला तांबड्या मातीचा थर, तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करणं, आणि शेवटी गुळगुळीत गोट्याने घोटणं. ज्याने कावी कधी पाहिली नाही त्याला हे रंगवलेलं नाही, कोरलेलं आहे, हे इथेच कळतं. किंमत का तेवढी, याचं उत्तरही त्यातच येतं. फोनमधला फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो दोन-तीनशे केबीपर्यंत उतरवून घ्या. नाहीतर रेंज कमी असलेल्या गावात पान उघडेपर्यंत माणूस उठून जातो.

पानावरचं पहिलं वाक्य ‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत’ असं नको. ‘गोव्यातल्या देवळांच्या भिंतींवरची कावी, तुमच्या घरासाठी हाताने कोरलेली’ एवढं लिहा. पार्श्वभूमी चुन्यासारखी पांढरी, मथळे आणि बटण कावीचं तांबडं. मजकूर मात्र काळाच ठेवा. तांबड्या अक्षरात परिच्छेद वाचवत नाहीत.

भाषेचं म्हणाल तर मुख्य पान इंग्रजीत करा, कारण मोठ्या ऑर्डरी बाहेरच्या लोकांकडून आणि नवीन बंगले बांधणाऱ्यांकडून येतील. शेजारी मराठी पान ठेवा. पण ते यंत्राने भाषांतर करून नको, तुम्ही मला जसं पत्र लिहिलंत तसं स्वतः लिहा. ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फाँट मोफत आहे आणि देवनागरी-रोमन दोन्ही त्यात एका वळणाची दिसतात.

राहिलं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता. त्याला वर्षाला साधारण हजाराच्या आगेमागे पडतात. पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. आणि काम भाच्याकडून करून घ्या नाहीतर एजन्सीकडून, डोमेन तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर आणि पासवर्ड तुमच्याकडे. एजन्सीशी वाजलं आणि डोमेन त्यांच्या नावावर असलं, तर पाट्यांवर आणि कार्डांवर छापलेला पत्ता सोडून द्यावा लागतो. फुकटच्या पत्त्यावरही विसंबू नका. गूगल छोट्या व्यावसायिकांना बिझनेस प्रोफाइलसोबत, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या दुकानाच्या माहितीसोबत, फुकट वेबसाइट देत असे, ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल अजून मोफत आहे, ते जरूर करा.

माल राज्याबाहेर जायला लागला की जीएसटीचा प्रश्न येतो. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना विक्रीच्या मर्यादेपर्यंत नोंदणीतून सूट आहे. तुमचं काम त्यात बसतं का, हे सीएला एकदा विचारून घ्या. आणि हे सगळं चतुर्थीच्या गडबडीआधी उरका, म्हणजे नोव्हेंबरात पर्यटक यायला लागतात तेव्हा पान तयार असेल.

प्रश्न: माझ्या बेकरीची वेबसाइट वर्डप्रेसवर होऊन तीन महिने झाले. दुकानाचं नाव टाकलं तरी गूगलवर दिसत नाही.
— एक वाचक, साखळी

उत्तर: वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ उघडा. तळाशी सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये अशी एक चौकट आहे. काम चालू असताना बनवणारे तिच्यावर खूण करतात आणि काढायचं विसरतात. ती खूण काढा, मग गूगल सर्च कन्सोल या गूगलच्याच मोफत सेवेत साइट जोडून शोधात नोंदवण्याची विनंती करा. दिसायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. खूण तिथे नसेलच, तर पुढच्या अंकासाठी साइटचा पत्ता लिहून पाठवा.