वजन फारसं जास्त नसतानाही मेटाबॉलिक सिंड्रोम होऊ शकतो का? कोणाला धोका जास्त?

हो, होऊ शकतो. मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे पोटाची चरबी, रक्तदाब, साखर आणि रक्तातली चरबी यांचे बिघाड एकत्र येणं. एकूण वजनापेक्षा पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी महत्त्वाची. तिच्यातून सुटणारी फॅटी अ‍ॅसिड्स यकृतात पोहोचतात, इन्सुलिन नीट काम करेनासं होतं. मग यकृत ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) जास्त बनवतं, एचडीएल म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल घसरतं, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि रक्तदाब चढतो.

निदानासाठी पाचपैकी तीन गोष्टी पुरतात (रक्ततपासणीचे आकडे मिग्रॅ/डेसिलिटरमध्ये): कंबरेचा वाढलेला घेर (दक्षिण आशियाई पुरुषांत ९० सेंमी, स्त्रियांत ८० सेंमी किंवा जास्त), ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. गोळ्यांमुळे आकडा आटोक्यात असला तरी तो मुद्दा धरतात.

घेर मोजताना बहुतेकांचं चुकतं. पँटच्या पट्ट्यावर टेप लावली की सुटलेलं पोट वरच राहतं आणि आकडा कमी येतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, सहज श्वास सोडल्यावर मोजा.

तासन् तास बसून काम, धूम्रपान, अपुरी झोप, वाढतं वय, घरात मधुमेह ही कारणं माहीत असतात. पीसीओएस (स्त्रियांमधला बीजांडकोश आणि संप्रेरकांचा विकार), गरोदरपणातला मधुमेह, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडकणं, रजोनिवृत्ती यांची चौकशी मात्र क्वचित होते. स्टेरॉइड किंवा ओलान्झापिनसारखी (मानसिक आजारांवरची) औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्वतःहून बंद मात्र करू नका.