मंडळीत असूनही एकटा

प्रश्न : आमच्या घरात ख्रिस्ती होऊन तिसरी पिढी झाली. मी यंत्रमागावर पाळीने काम करतो, दर रविवारी उपासनेला जातो. पण कोणी साक्ष द्यायला, म्हणजे आपल्याला देव कसा भेटला ते सांगायला, उठलं की वाटतं, यांना देव भेटतो, मला का नाही? घरी विचारलं तर ‘प्रार्थना कर’ एवढंच उत्तर. हे माझ्याच विश्वासाचं उणेपण आहे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. लहानपणी बाप्तिस्म्याला आईवडील नेतात, पण दृढीकरणाला, म्हणजे मोठेपणी तो विश्वास पक्का करण्याच्या विधीला, कबुली स्वतःच्याच तोंडाने द्यावी लागते, कारण विश्वास ज्याचा त्याचा असतो. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. नवरा-बायकोत पाच वर्षांचं अंतर पडतं, तर शेजारच्या बाकावरच्या साक्षीने स्वतःला कशाला मापता?

‘प्रार्थना कर’ हे उत्तर अपुरं आहे, कारण कशी ते त्यात नाही. बायबलमधलं स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं. पहिल्या दोनांत ‘किती काळ’ हा एकच सवाल चारदा येतो, ती तक्रार. ३ आणि ४ मध्ये मागणं. ५ आणि ६ मध्ये भरवसा. तक्रार गिळून थेट भरवशावर गेलं की प्रार्थना खोटी वाटते आणि चार दिवसांत सुटते. म्हणून पहिली दोन वचनं मोठ्याने वाचा, मग आपलं गाऱ्हाणं आपल्या बोलीत मांडा. भरवसा आला नाही तर तिथेच थांबा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. दहा मिनिटं पुरेत. वेळ घड्याळाला न बांधता पाळीला बांधा, नाहीतर पाळी बदलली की ‘पहाटे पाच’ मोडतं: कामावरून आल्यावर, हातपाय धुऊन, जेवणाआधी. घरात आडोसा नसेल तर गच्ची. उन्हाळ्यात ती रात्रीही तापलेली असते, चादरीची घडी खाली घ्या.

एकटेपणाला मात्र माणूसच लागतो. बायबलच्या ‘१ राजे’ या पुस्तकात, १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा म्हणतो, मीच एकटा उरलोय. देवदूत त्याला दोनदा उठवून खाऊ-पिऊ घालतो, मधे झोपू देतो, उपदेश नाही. (तुमचीही झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त उडाली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.) मग देव सांगतो, माझ्याशी एकनिष्ठ ७००० जण उरलेत. पण त्यांची गाठ घालून देत नाही. जोडीला मिळतो एकच शिष्य, अलीशा.

तेव्हा चर्चच्या तरुण संघाच्या गर्दीत मन मोकळं होईल अशी आशा धरू नका. चर्च सांभाळणाऱ्या पाळकसाहेबांनाही उपासनेनंतर दारात गाठू नका, तेव्हा त्यांच्याभोवती माणसं असतात. मधल्या वारी फोन करून अर्धा तास मागा आणि नेमकं सांगा: ‘महिन्यातून दोनदा सोबत शास्त्र वाचायला एक माणूस हवाय.’ मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. १६ अध्याय, बैठकीला एक, म्हणजे आठ महिने. वाचता वाचता समोरच्याने तुमच्यावर उपाय सांगायला घेतले, तर त्याला पुढचं वचन वाचायला सांगा.