पापा एकाला घेता येतो, मिठीला दोघं लागतात

प्रश्न असा आहे: ‘चुंबन आणि मिठी यांत फरक काय? आपुलकी जास्त कशातून कळते?’

‘चुंबन’ हा शब्द मी पेपरात वाचलाय, घरात कुणाच्या तोंडून कधी ऐकला नाही. घरात पापा असतो, पापी असते, आमच्या साताऱ्याकडे मुका. नवरा-बायकोतल्या प्रकाराला आमच्याकडे शब्दच नव्हता. असलाच तर तो पोरांच्या कानावर येणार नाही याची काळजी घेतली जायची. त्यामुळे मी पाप्याबद्दलच बोलते, बाकीचं तुम्ही समजून घ्या.

पापा एकाला घेता येतो, मिठीला दोघं लागतात. पापा झोपलेल्या बाळाचाही घेता येतो, त्याला पत्ताही नसतो. मिठीचं तसं नाही. आपण जाऊन गळ्यात पडलो आणि समोरच्याचे हात तसेच लोंबकळत राहिले, तर ती मिठी झालीच नाही, आपण त्याला नुसतं धरलं. म्हणून आपलं प्रेम सांगायला पापा पुरतो, पण तिकडून काही येतंय का हे मिठीतच कळतं.

माझी आजी पापा घ्यायची, पण तिचे ओठ माझ्या गालाला कधी लागल्याचं आठवत नाही. उजव्या हाताची बोटं एकत्र करून माझ्या हनुवटीला लावायची आणि तीच बोटं स्वतःच्या ओठांशी नेऊन आवाज काढायची. मग दोन्ही हात माझ्यावरून ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. जास्त बोटं वाजली की खूश, ‘लई दृष्ट लागली होती पोरीला.’ बोटांना मिश्रीचा वास असायचा. अजून कुठे मिश्रीचा वास आला की माझी हनुवटी आपोआप वर होते.

लहान बाळाची टाळू हुंगायची सवय तर घरोघरी आहे. संस्कृत काव्यांतसुद्धा वडीलधारी माणसं भेटल्यावर मुलाचं मस्तक हुंगतात. म्हणजे ओठ टेकवणं हीच प्रेमाची जगभरची खूण, असं काही नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानववंशशास्त्रज्ञांनी १६८ संस्कृती तपासल्या. प्रेमात ओठांचं चुंबन घेण्याची रीत त्यांतल्या ४६ टक्क्यांतच सापडली. पडद्यावर बघून आपल्याला वाटतं, सगळं जग तेच करतंय.

गंमत सांगते. माझ्या मामेभावाचं लग्न मडगावच्या ख्रिश्चन मुलीशी झालं. तिकडे घरची माणसं भेटली की गालाला गाल लावून पापा देतात. मुलीची आई माझ्या आईकडे आली, एक गाल झाला. आईला वाटलं संपलं, ती नमस्काराला हात जोडून खाली वाकली. तेवढ्यात विहीणबाई दुसऱ्या गालासाठी पुढे आल्या. आईचं कपाळ त्यांच्या चष्म्यावर आपटलं. दोघी ‘लागलं का, लागलं का’ करत एकमेकींचे दंड धरून हसत सुटल्या आणि त्याच हसण्यात मिठी झाली. ती कुणी शिकवली नव्हती.

जुन्या मराठीत मिठीला ‘क्षेम’ म्हणायचे, ‘क्षेम देणे’ म्हणजे आलिंगन देणे. आणि क्षेम म्हणजे खुशालीही. ज्याने कुणी हा अर्थ जोडला त्याला मी मानते. अर्थात मिठी नेहमी सोज्वळ असते असंही नाही. धृतराष्ट्राने भीम समजून लोखंडाचा पुतळा चुरगाळला तो मिठीतच, आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाने मिठीचाच डाव टाकला होता. मिठीत दोघांची पाठ एकमेकांच्या हातात असते. दगा तिथेच होतो, विश्वासही तिथेच लागतो.

वयाचाही फरक आहे. पापा साधारण आठव्या-नवव्या वर्षी बंद होतो. त्यानंतर आपल्याकडे बरीच वर्षं काहीच नसतं, पाया पडायचं आणि पाठीवर धपाटा घ्यायचा. मिठी परत येते ती एकदम मोठ्या प्रसंगाला, पाठवणीला किंवा घरात कुणी गेल्यावर. ईदला गळाभेट घेणारे शेजारी बघून मला दरवर्षी हेवा वाटतो, रडण्याचं निमित्त नसताना मिठी मारायची सोय आहे त्यांच्याकडे.

एक व्यवहाराची गोष्ट. नवजात बाळाचा पापा घेऊ नका, विशेषतः ओठावर किंवा ओठाजवळ पुळ्या आल्या असतील तर अजिबातच नको. त्या नागिणीच्या जातीच्या विषाणूने येतात, मोठ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, पण तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतं. माझ्या बाळंतपणात मी हे सांगितलं तर एका नातेवाईक बाई सहा महिने रुसल्या होत्या. रुसू दे.

आता ते बाळ अकरा वर्षांचं आहे. शाळेच्या गेटवर पापा घेतला तर बाहीने गाल पुसतो, तोही मित्रांना दिसेल असा. परवा गणितात नापास होऊन आला. दप्तर न काढताच स्वयंपाकघरात आला, माझे हात कणकेचे होते म्हणून मी कोपरांनीच त्याला जवळ घेतलं. डबा, पाण्याची बाटली, कंपासपेटी, सगळं माझ्या पोटाला टोचत होतं. बराच वेळ सोडलं नाही त्याने. नंतर शर्टाला लागलेली कणीक बघून ओरडला मात्र.