माझे सगळे रोबोट चिलखत घातलेल्या माणसासारखेच का दिसतात?

तुम्ही विचारलंय की कॉन्सेप्ट आर्टसाठी, म्हणजे सिनेमा-गेममधल्या गोष्टी कशा दिसतील ते ठरवणाऱ्या चित्रांसाठी, रोबोट काढताना सुरुवात चेहऱ्यापासून करावी की धडापासून. मी म्हणेन, दोन्हीपासून नको. तो काम काय करतो ते आधी ठरवा. 'रोबोट' हा शब्दच मुळात कामातून आलाय. चेक लेखक कारेल चापेकने १९२० साली नाटकात वापरला, सुचवला त्याच्या भावाने, आणि चेक भाषेतल्या 'रोबोता'चा अर्थ वेठ. बिनकामाचा रोबोट काढला की तो चिलखतातला माणूसच होणार.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. जवळच्या चोडण बेटावर गेलं की खाजन शेती दिसते, खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली: चिखलाचे बांध, आणि भरतीला आपोआप मिटणारी, ओहोटीला उघडणारी मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, लाकडी दारं. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बांधाला बिळं पाडतात आणि एवढ्याशा बिळातून अख्खा बांध फुटू शकतो. पोर्टफोलिओसाठी मी ही बिळं बुजवणारा रोबोट घेतला. मग बरंच काही आपोआप ठरत गेलं. चिखलात रुतू नये म्हणून पाऊल पसरट. बांध अरुंद, म्हणून अंग चिंचोळं. वायरिंग पाण्यापासून लांब, वरच्या बाजूला. एक हात बीळ चाचपायला बारीक, दुसरा माती ठोकायला जाडजूड. वीस-पंचवीस छोटी स्केचेस झाल्यावर लक्षात आलं, खारफुटीत एक नांगी मोठी असलेला कुर्ल्यांचा नर असतो ना, स्वारी तशीच दिसतेय! कुर्ल्यांचा वैरी कुर्लीसारखा. ठरवून केलं असतं तर इतकं जमलं नसतं.

पण खरी फजिती सांध्यात झाली. थ्रीडी मॉडेल करणाऱ्या मित्राने चित्र परत पाठवलं: "कोपर जरा वाकवला की दोन पत्रे एकमेकांवर आपटतात." मी कोपर फक्त सरळ हातात काढला होता. मग एक अख्खी दुपार रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीसमोर वही घेऊन बसलो. सिलिंडर एका भागाला, दांडा पुढच्या भागाला, दोन्ही टोकं जाड पिनांवर. दांडा बाहेर सरकला की सांधा वळतो. सगळं यंत्र चिखलाने बरबटलेलं, दांडा मात्र लखलखीत, कारण आत जाताना सिलिंडरच्या तोंडावरचं सील त्याला दर खेपेला पुसून काढतं. चित्रात ती एक चकचकीत रेघ आली आणि रोबोट 'चालू' वाटायला लागला.

आमच्याकडे दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर उभा करतात, हात-मान हलवायला मोटर लावतात. एका वर्षी आमच्या वाड्यावरच्या नरकासुराचा तलवारीचा हात दुसऱ्याच झटक्यात गळून पडला. मोटर ठणठणीत होती; हात बांधला होता नुसत्या गवत-कागदाच्या खांद्याला, आतल्या बांबूला नाही. नवखे लोक पिस्टन, म्हणजे तेच सिलिंडर-दांडे, काढतात ते असेच, शोभेला, पातळ पत्र्यावर चिकटवलेले.

बाकीचं थोडक्यात. स्केच पूर्ण काळं भरून अंगठ्याएवढं करून पाहा, तरी ओळखू आलं पाहिजे. रंगाआधी करड्या छटांत उजेड-सावली बसवा. गंज सगळीकडे फासू नका, पाणी साचतं तिथेच काढा. शेवटच्या शीटवर समोरून, बाजूने, मागून, आणि मापासाठी शेजारी एक माणूस. चित्रासाठी क्रिटा आणि थ्रीडीसाठी ब्लेंडर, दोन्ही फुकट आहेत, महागड्या सॉफ्टवेअरसाठी अडून बसू नका.

चेहऱ्याचं म्हणाल तर मी दिलाच नाही, नुसता एक दिवा. जपानचे रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच लिहून ठेवलंय की यंत्र माणसासारखं होत गेलं तर आवडत जातं, पण अगदी जवळ पोचलं की एकदम किळस वाटते. तरी चेहरा हवाच असेल तर सगळ्यात शेवटी काढा.

आणि पुढचं चित्र इथे टाकाल तेव्हा कोपर वाकवलेला असू दे.