जुना फोन, गायब रेंज

प्रश्न : माझा थ्रीजी स्मार्टफोन २०१४ चा आहे. एअरटेलच्या सिमवर बोलणे होते, पण इंटरनेट रांगते. जिओचे सिम घातले तर रेंजच येत नाही. फोन बिघडला का?

उत्तर : फोन ठणठणीत आहे. एअरटेलने २०२० मध्ये थ्रीजी बंद केले, म्हणून तो टूजीवर उतरतो. जिओकडे टूजी-थ्रीजी कधी नव्हतेच, म्हणून तुमच्या थ्रीजी फोनला त्याची रेंज मिळत नाही. सेटिंगमध्ये चुकूनही ‘फक्त थ्रीजी’ निवडू नका, बोलणेही बंद पडेल, ‘ऑटो’ ठेवा. बोलण्यापुरता आणि ओटीपीपुरता हा फोन पुरे.

नवा, विशेषतः सेकंडहँड घेताना नुसत्या ‘फोरजी’ला भुलू नका. व्होल्टी (फोरजीवरूनच कॉल करण्याची सोय) नसेल तर एअरटेलवर कॉल येताच फोन टूजीवर घसरतो, नेट थांबते; जिओवर साधा कॉल लागतच नाही. परदेशातून आणलेला सेट असेल तर जिओसाठी त्यात बँड (रेडिओलहरींचे पट्टे) ३, ५ आणि ४० चालतात का, ते तपासा. जुने सिमही फोरजीचे करून घ्या. नंबर तोच राहतो.