रेपो उतरला, पण पीककर्जाचं व्याज जागच्या जागी का?

भाऊ, तुमचं म्हणणं असं की २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसा देते तो दर, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला, तरी पीककर्जाचं व्याज हललं नाही. आणि महागाई उतरली म्हणतात, तर तुरीला भाव का नाही? मी यवतमाळ जिल्ह्यात ग्रामीण शाखेत बरीच वर्षं कर्जाचं टेबल सांभाळलं. नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायला आलेली माणसं हेच विचारायची.

पीककर्ज रेपोच्या दावणीला बांधलेलंच नाही. ३ लाखांपर्यंत ७ टक्के हा दर केंद्र सरकारनं ठरवलेला. मुदतीत भरलं की ३ टक्के सूट केंद्राची, आणखी सवलत राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत. म्हणजे रेपोपेक्षा भरण्याची तारीख सांभाळा, ती अजिबात चुकवू नका.

आता महागाई. वेचणीचे दिवस आठवा. सगळ्यांचा कापूस एकदम फुटतो, वेचणाऱ्या बाया तेवढ्याच. ज्याच्या हाती पैसा आहे तो किलोमागं दोन रुपये जास्त कबूल करतो, मग शेजाऱ्यालाही तेच द्यावे लागतात. कापूस एका बोंडानं वाढत नाही, दर मात्र चढतो. रिझर्व्ह बँक रेपो वाढवते ती ही चढाओढ थंड करायला. बँकांना पैसा महाग पडला की कर्ज महागतं, कोणी घर पुढच्या वर्षावर टाकतो, जिनिंगवाला नवी मशीन थांबवतो. एप्रिल २०२२ मध्ये महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली, तेव्हा मेपासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ४ वरून ६.५० वर नेला तो यासाठीच. पण पावसानं गेलेली तूर व्याज वाढवून उगवत नाही. तिथं रिझर्व्ह बँकेचा हात पोचत नाही.

तुमची खरी दुखरी नस पुढं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यावर आली. ती ज्यावरून मोजतात त्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४६ टक्के होता, आणि भाज्या-डाळी वर्षभरात स्वस्त झाल्या होत्या. डाळ म्हणजे तुमचीच तूर. शहरातल्या घराला जो दिलासा, तो तुमच्या चुकाऱ्यातली, म्हणजे माल विकून मिळणाऱ्या पैशातली घट होती, आणि बातमीत हे कोणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

पण त्याचा राग रिझर्व्ह बँकेवर काढू नका. २०२१ पासून तुरीची आयात मोकळी केली ती केंद्र सरकारनं. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवून ती सूट पुढं डिसेंबरअखेरपर्यंत नेली, तीही सरकारनंच. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, २ ते ६ च्या आत ठेवा, हे लक्ष्यही सरकारच ठरवून देतं. म्हणून भावासाठी निवेदन द्यायचं ते खासदाराला.

घरकर्ज असेल तर मात्र शाखेत जाऊन विचारा, दर कशाशी जोडलाय. ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं असेल तर रेपोशी जोडून मागता येतं. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.